लाटेवर उभी राहिलेली कवळीताई

आमच्या लॅबमध्ये पेशंट सहसा येत नाहीत. डॉक्टर तोंडाची मापं पाठवतात, आम्ही त्यावरून दात करून परत पाठवतो. ते दात कुणाच्या तोंडात बसले आणि त्या तोंडानं पुढे काय काय खाल्लं, हे आम्हाला कधी कळत नाही. दुसरा मजला, खाली औषधांचं दुकान, खिडकीशी तीन टेबलं. केसांत कायम प्लास्टरची भुकटी आणि नाकात तापलेल्या मेणाचा वास. मी पॉलिशच्या मशीनवर बसते, शेजारच्या टेबलावर कवळीताई. तिचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर. सोळा वर्षं आम्ही कोपराला कोपर लावून बसलोय, त्यामुळे तिच्याबद्दल सांगायचा थोडा हक्क मला आहे असं मी मानते. बेटावरचं मात्र तिनं मला नंतर सांगितलं, काम करता करता, तुकड्यातुकड्यांनी. मी फक्त जोडून घेतलंय.

कवळी बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. म्हाताऱ्या माणसाचा तरुणपणीचा एखादा फोटो मिळाला, की ती तासभर त्याच्याकडे बघत बसते आणि मग मेणात एकेक दात असा रोवते, की घरचे म्हणतात, अरे, हे तर बाबांचं जुनं हसू!

ताईचं लग्न झालं नाही. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोन खोल्यांत ती आणि तिची आई. ताई त्रेचाळीस वर्षांची असताना आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धंमुर्धं राहिलं. तेव्हापासून पहाटे पाचला उठून आईची कूस बदलायची, अंग पुसायचं, पाठीला पावडर लावायची, भरवायचं. साडेनऊला शेजारच्या काकू आईपाशी येऊन बसायच्या, मग ताई लॅबला. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला पर्स खांद्यावर. एकदा मी तिला ओढून सिनेमाला नेलं, तर मध्यंतरात पळाली. अशी नऊ वर्षं.

मग एका मंगळवारी सकाळी ती दूध आणायला खाली गेली. जिन्यात काकू भेटल्या. इमारतीतला पाण्याचा पाइप महिनाभर गळत होता आणि घरमालक रोज नवी सबब सांगायचा. काकूंनी त्याची हुबेहूब नक्कल केली. दोघी कठड्याला धरून हसल्या. दहा मिनिटं गेली असतील. ताई वर आली, तर आई गेली होती. हात अजून गरम होता.

चौथ्या दिवशी ताई कामावर हजर. रडली नाही, बोलली नाही, मेण तापवायला घेतलं. आम्हाला वाटलं, सुटली बिचारी, आता जरा मोकळा श्वास घेईल. पण ती दहा मिनिटं तिच्या घशात अडकून बसली होती. काकू दिसू नयेत म्हणून ती दबक्या पावलांनी जिना उतरायची, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

तीन महिन्यांनी तिच्या हातून पहिली चूक झाली. एका आजोबांची कवळी तिनं एका आजींच्या डबीत घातली. डॉक्टरांचा फोन आला, "अहो, आजींना तोंडच मिटता येईना! पण म्हणतायत, दात छान आहेत, हेच राहू द्या." सगळी लॅब खो खो हसली. ताई उठून बाथरूममध्ये गेली आणि तासभर बाहेर आली नाही.

आमचे मालक माणूस म्हणून चांगले आहेत. म्हणाले, "ताई, सुट्टी घ्या. तुमच्या इतक्या रजा साठल्यात, की लॅब तुमच्या नावावर करून द्यावी लागेल."

"सुट्टी घेऊन करू काय?" ताई म्हणाली. "घरी बसलं की कान आतल्या खोलीकडेच लागतात."

त्याच आठवड्यात एक पेशंट थेट वर आली. साठीची बाई, चेहरा उन्हानं रापलेला, आवाज खणखणीत आणि समोरचा वरचा दात अर्धा तुटलेला. कॅपचा रंग बरोबर जुळावा म्हणून डॉक्टरांनीच तिला आमच्याकडे पाठवलं होतं. ताईनं तिला खिडकीशी बसवलं आणि विचारलं, "कसा तुटला?"

"माझ्याच फळीनं तोडला," बाई म्हणाली. "लाटेवरून पडले आणि वर आले, तर फळी तोंडासमोर!"

बाई एका छोट्या बेटावर सर्फिंग शिकवायची. आधी पोहण्याची कोच होती, निवृत्त झाल्यावर तिकडेच घर केलं. तिथं तिला सगळे कप्तान म्हणतात. ताईनं तिच्या दुसऱ्या दातावरचा एक पांढरा ठिपका पाहिला. तांदळाच्या कणीएवढा. नव्या कॅपवरही तिनं तसाच ठिपका काढला. आठ दिवसांनी कप्तान आरशात बघून ओरडली, "अगं, हा तर माझाच दात!" मग ताईकडे नीट बघत म्हणाली, "तुला पोहता येतं?"

"लहानपणी येत होतं. वडिलांनी शिकवलं होतं."

"मग अजूनही येतं. हंगाम संपला की बेट रिकामं असतं. वरची खोली तुझी. ये." आणि मापाच्या कागदामागे फोन नंबर लिहून गेली.

ताई हसली. मीही हसले. बावन्न वर्षांची कवळीताई आणि सर्फिंग! तो कागद तिनं फेकला नाही, एवढंच.

रविवारी तिच्या दादानं तिला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर वहिनीनं एक खोली दाखवली. खोलीत नवा पडदा आणि दोन पलंग.

"आता तू एकटी कशाला राहतेस?" दादा म्हणाला. "इथं ये. घरात माणसं आहेत."

ताईचे डोळे भरून आले. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "माझी आई पण येतेय पुढच्या महिन्यापासून. तिचं आता सगळं पलंगावरच आहे. तुला सवय आहे ना, म्हणून म्हटलं, तुझा पलंग तिच्या शेजारीच लावू."

ताई म्हणते, वहिनीच्या मनात वाईट नव्हतं. तिला खरंच वाटत होतं, की सगळ्यांचीच सोय होतेय. पण त्या दोन पलंगांकडे बघताना ताईच्या पाठीतून कळ गेली. तिनं पर्स उचलली आणि म्हणाली, "दादा, मी बारा दिवस समुद्रावर चाललेय. सर्फिंग शिकायला."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत तिचं तिलाच माहीत नव्हतं.

दादा खुर्चीतून उठलाच. "फळीवर उभी राहणार? या वयात? कंबर मोडून घेशील, मग तुझ्याकडे कोण बघणार?"

"तेही आहेच," ताई म्हणाली. "आपल्या घरात सवय असलेली मी एकटीच."

दादाची मुलगी, ताईची भाची, तोंडावर हात धरून हसली. ताई जिना उतरली ते थेट घरी. तो कागद शोधला आणि फोन लावला.

बेटावर जायला बोटीनं तीन तास लागतात. बोटीत ताई, दोन शेळ्या आणि सिमेंटची पोती. धक्क्यावर कप्तान उभी होती. चार दुकानं, एक रस्ता, मग वाळू. हंगाम संपल्यामुळे सगळी दारं बंद होती. वरच्या खोलीत पलंग, टेबल, एक खुर्ची. खिडकी उघडली की समुद्राचा आवाज खोलीभर. पहिल्या दिवशी पहाटे पाचला ताईला जाग आली, सवयीनं तिनं उजवीकडे हात लांबवला आणि हात भिंतीवर आपटला. ती तशीच पडून राहिली. मग विचार केला, उठून काय करायचं? काहीच नाही. या काहीच नाहीची तिला इतकी भीती वाटली, की ती चपला न घालताच खाली पळाली.

कप्तान अंगणात चहा घेत होती. "बरं झालं उठलीस. वाळूवर चल."

पहिले दोन दिवस पाणी नाहीच. वाळूत फळी ठेवायची, त्यावर पालथं झोपायचं, हातांनी वल्हवल्यासारखं करायचं आणि कप्तान ओरडली की दोन्ही तळहात टेकवून एका झटक्यात उभं राहायचं. ताई आधी एक गुडघा टेकवायची, मग दुसरा, मग कमरेला हात लावून हळूहळू उठायची.

"तू काय बसमधून उतरतेयस का?" कप्तान म्हणायची. "तोपर्यंत लाट घरी जाऊन जेवून झोपलेली असेल. परत!"

पन्नास वेळा परत. नऊ वर्षं आईला उचलून ताईचे दंड आणि खांदे पोलादासारखे झाले होते. हे कप्तानच्याच लक्षात आलं. "हात तर पैलवानाचे आहेत तुझे. फक्त पायांना सांग, की आता आपलीही पाळी आहे."

तिसऱ्या दिवशी पाणी. फळीची दोरी घोट्याला बांधली आणि छातीएवढ्या पाण्यात गेली. किनाऱ्याजवळ फुटलेल्या लाटांचा फेस येतो, शिकणाऱ्यांनी आधी त्याच्यावरच चढायचं असतं. ताई पडली. उजवीकडे पडली, डावीकडे पडली, पाठीवर पडली. एकदा तर फळी पुढे गेली आणि ही मागेच उभी. नाकातोंडात पाणी, मांडीवर वीतभर निळा डाग. मला सांगताना म्हणाली, "अगं, साच्यात प्लास्टर ओततात ना, तशी मी त्या समुद्रात ओतली जात होते."

पाचव्या दिवशी दुपारी ती पाण्याबाहेर आली, फळी वाळूत टाकली आणि म्हणाली, "मी उद्याच्या बोटीनं जाते."

"का?"

"नाही जमत."

"ते तर मलाही दिसतंय. पण रडतेयस कशाला?"

मग ती रडली. तीन महिन्यांचं सगळं एकदम. आणि त्यातच ती दहा मिनिटं बाहेर आली. दूध, जिना, पाइप, काकू. "आई वर एकटी जात होती आणि मी खाली हसत उभी होते," ती म्हणाली. "हसत होते गं मी!"

कप्ताननं टॉवेल आणून तिच्या खांद्यावर टाकला. मग तिनं विचारलं, "त्या काकू काय म्हणतात?"

"त्यांच्याशी मी बोलत नाही."

"त्यांनी काही केलं का?"

"नाही."

"मग त्यांना तरी का शिक्षा? त्यापण त्याच जिन्यात उभ्या होत्या ना?"

ताईला राग आला. इतका, की तिनं टॉवेल काढून फेकला, फळी उचलली आणि पुन्हा पाण्यात शिरली. पडायचं ते पडलीच, पण बोटीचं नाव काढलं नाही.

दोन दिवस ते वाक्य तिच्या डोक्यात भुणभुणत राहिलं. सातव्या दिवशी दुपारी तिनं धक्क्यावर, जिथं फोनला रेंज येते तिथं, एका लाकडी पेटीवर बसून काकूंना फोन लावला. पलीकडून आवाज आला, "अगबाई! कुठं आहेस तू? मला वाटलं, माझ्यावर रागावलीस." आणि काकूच हुंदके द्यायला लागल्या.

दोघी बराच वेळ नुसत्या रडल्या. मग काकू म्हणाल्या, "एक सांगू? तुला सांगणार होते, पण तू भेटशील तर ना! तुझ्या आईनंच मला सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"दुपारी मी बसायची ना तिच्यापाशी, तेव्हा. तिचं बोलणं मला कळायला लागलं होतं. म्हणाली, हिनं घरात पाऊल टाकलं की माझ्या उशाशी येऊन बसते. खाली भेटली की हिला जरा अडवत जा. हसव. म्हणून मी तुला जिन्यात गाठायची. रोज नाही, पण जमेल तेव्हा. तुला वाटायचं, काकूंना बोलायची फार हौस!" काकू रडतारडता हसल्या. "त्या दिवशी वर गेल्यावर मला आधी वाटलं, आपण हिला अडवायला नको होतं. मग वाटलं, तुझ्या आईनं वरून ऐकलं असेल. जिन्यातला आवाज वर जातोच की. तू मोठ्यानं हसतेस."

ताई फोन ठेवून तिथंच बसून राहिली. आई. जिला पाण्याचा घोट मागायला चार प्रयत्न करावे लागायचे, तिनं शेजारणीला एवढं मोठं वाक्य सांगितलं होतं. किती दुपारी लागल्या असतील त्याला! ती आईवर चिडली, मग तिला आईचं हसू आलं, मग उचकी लागली. बोटीचा नावाडी पाण्याची बाटली घेऊन आला आणि तिच्याशेजारी ठेवून गेला.

त्या दिवशी ती संध्याकाळी सातला झोपली, ती सकाळी साडेआठला उठली. कप्तान दोनदा वर येऊन श्वास चालू आहे ना ते बघून गेली होती.

आठव्या दिवशी पहिल्यांदा ती फेसावर उभी राहिली. मोजून दोन सेकंद. नवव्या दिवशी पाच. दहाव्या दिवशी थेट किनाऱ्यापर्यंत आली आणि वाळूवर उतरून इकडेतिकडे बघायला लागली, कुणी पाहिलं की नाही! किनाऱ्यावर एक कुत्रा होता. तिनं त्यालाच वाकून नमस्कार केला.

अकराव्या दिवशी सकाळी कप्तान म्हणाली, "आज फेस नाही. आज आत जायचं. न फुटलेली लाट."

आत म्हणजे जिथं लाटा अजून उभ्या राहतायत तिथं. फळीवर पालथं पडून येणाऱ्या लाटांना तोंड देत जायचं. ताईचे खांदे इथं कामी आले. कप्तानच्या बरोबरीनं ती आत पोचली. दोघी फळ्यांवर बसल्या, पाय पाण्यात. मागे कप्तानचं घर हातावर ठेवता येईल एवढं दिसत होतं. वारा पडला होता. पाणी नुकत्याच घासलेल्या भांड्यासारखं लखलखत होतं.

एक लाट आली. कप्तान म्हणाली, "नको." दुसरी आली. "नको." तिसरीला कप्तान काही बोलली नाही. ताईनं मान वळवून पाहिलं. लाट दुरून उचलली जात होती, कडेकडेनं उंच होत होती आणि ताईला आतून कळलं, की ही आपली.

तिनं फळी वळवली. हात मारले, एक, दोन, तीन, चार. शेपटीकडून फळी वर उचलली गेली. कप्तानचा आवाज मागून कुठून तरी आला आणि ताईचे तळहात टेकले, पाय आत आले आणि ती उभी होती. गुडघा नाही, कंबर नाही. उभी.

मग आवाज गेला. फेसात सतत खळखळाट असतो, इथं काही नव्हतं. फळीखाली पाणी कापडासारखं फाटत होतं, तेवढीच बारीक सळसळ. डाव्या हाताला हिरवी भिंत, उन्हानं आरपार झालेली. तिनं जरा कलून पाहिलं, फळी वळली. परत कलली, फळी परत वळली. "माझं ऐकत होती गं ती!" हे सांगताना ताईनं हातातलं मेण कापायचं पातं खाली ठेवलं होतं. "मी जिकडे बघेन तिकडे जात होती. वीस सेकंद. कदाचित पंचवीस. नऊ वर्षांत मला पहिल्यांदा कुठंही पोचायची घाई नव्हती."

लाट संपली तशी ती पाण्यात पडली, बुडून वर आली आणि हसली. मोठ्यानं. किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसलेले दोन मच्छीमार उठून उभे राहिले, कुणी बुडतंय की काय म्हणून. आतून कप्तान दोन्ही हात वर करून नाचत होती आणि नाचता नाचता स्वतःच्या फळीवरून पडली.

ताईनं त्या दिवशी अजून सात लाटा घेतल्या. त्यातल्या चारांवरून पडली. बाराव्या दिवशीची बोट तिनं सोडली. मालकांना फोन करून म्हणाली, "अजून चार दिवस." मालक म्हणाले, "महिना घ्या हो. फक्त परत या."

परत आली तेव्हा नाकाची सालं निघालेली, केस ताठ आणि पायऱ्या दोन दोन चढत. दादा वहिनीला घेऊन तिच्याकडे आला. "मग, सामान कधी हलवायचं?"

"नाही हलवायचं," ताई म्हणाली. "मी इथंच राहणार. पण वहिनी, तुमच्या आईसाठी चांगली बाई बघा. तिला मी दर रविवारी येऊन शिकवेन. कूस कशी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, उचलताना आपली कंबर कशी सांभाळायची, सगळं. चार रविवार. आणि पाचव्या रविवारपासून मी पाहुणी म्हणून येणार, जेवायला."

वहिनीनं दोन महिने तोंड फिरवलं. ताई चारही रविवार गेली. शिकवून आली. नेमलेली बाई आता इतकी तयार झालीय, की वहिनीच कौतुक करते.

वर्षभर जमेल तेव्हा ताई रजा घेऊन बेटावर जात राहिली. पुढच्या वर्षी हंगाम संपल्यावर कप्ताननं बेटावर छोटी स्पर्धा ठेवली. पन्नाशीपुढच्या बायकांच्या गटात पाच जणी होत्या, त्यातली एक सत्तर वर्षांची. मी गेले, भाची आली, काकूही छत्री घेऊन आल्या. आणि शेवटच्या क्षणी बोटीतून वहिनी उतरली. दादाची दुर्बीण गळ्यात. म्हणाली, "मी फक्त हवा बदलायला आलेय." पण पहिली लाट आली तशी सगळ्यांच्या पुढे वाळूत उभी राहून तीच किंचाळली, "आमची आहे ती! निळ्या कपड्यातली! आमची!"

मी ताईला सोळा वर्षं वाकलेलीच पाहिली होती. टेबलावर वाकलेली, घड्याळाकडे मान वाकवलेली. त्या दिवशी माणसापेक्षा उंच लाटेवरून ती खाली आली, गुडघे जरासे मोडलेले, हात पसरलेले, हनुवटी वर आणि अख्खा किनारा पार करून आमच्यासमोर उतरली. मला शिट्टी वाजवता येत नाही. मी वाजवली.

सत्तर वर्षांच्या आजी पहिल्या आल्या. ताई दुसरी. बक्षिसाच्या वेळी कप्तान तिला हाका मारत राहिली, भाची फोटोसाठी कॅमेरा धरून उभी राहिली, पण ताई जागेवर नव्हती. भरती सुरू झाली होती आणि ती फळी घेऊन आत निघाली होती.